स्किल एक, असिस्टंट चार: फोल्डर नेमका कुठे ठेवावा?

अर्धविराम
(इथल्या चर्चांत देवनागरीचा नियम आहे, म्हणून फाइलींची नावं आणि कमांडही देवनागरीतच लिहितोय. टर्मिनलमध्ये सगळं रोमन, लहान अक्षरांत. अपवाद स्किल.एमडी: त्यातला 'स्किल' कॅपिटल, 'एमडी' लहान. एजंट्स.एमडी आणि क्लॉड.एमडीचंही तसंच.)

एकाच रेपोवर (कोडच्या सामायिक संग्रहावर) क्लॉड कोड, कोडेक्स, कर्सर आणि व्हीएस कोडमधला कोपायलट अशी चार एआय टूल्स, म्हणजे कोडिंगचे असिस्टंट, चालतात. स्किल्स ९. (स्किल म्हणजे एखादं काम कसं करायचं ते असिस्टंटला सांगणारा फोल्डर, मुख्य सूचना आतल्या स्किल.एमडीत. आमचं एक 'मराठी-स्ट्रिंग्ज', ॲपमधल्या मराठी मजकुरासाठी.) प्रत्येक टूलसाठी वेगळी प्रत: .क्लॉड/स्किल्स, .कोडेक्स/स्किल्स, .कर्सर/स्किल्स, .गिटहब/स्किल्स. म्हणजे ३६ फोल्डर, आणि एकाच नावाच्या चार प्रती आता एकमेकींशी जुळत नाहीत. प्रश्न तीन:

१. मूळ प्रत कुठे ठेवावी आणि बाकीच्यांना कशी जोडावी?
२. काही मशिन विंडोजची आहेत. तिथे लिंक (सिमलिंक, म्हणजे मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद) चालतील का?
३. तेच स्किल एका टूलमध्ये आपणहून उचललं जातं, दुसऱ्यात नाव घेतल्याशिवाय हलत नाही. असं का?

टर्मिनलतात्या
३६ फोल्डर म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. मूळ प्रत रेपोच्या रूटला (सगळ्यात वरच्या फोल्डरला) .एजंट्स/स्किल्स मध्ये ठेवा. कोडेक्स, कर्सर, कोपायलट हे तिन्ही तो फोल्डर थेट वाचतात. जेमिनाय सीएलआय आणि ओपनकोडही वाचतात, उद्या कोणी ते आणलं तर. क्लॉड कोड तेवढा .क्लॉड/स्किल्स बघतो. म्हणजे जोडणी एकाच ठिकाणी करायची आहे.

क्रम असा ठेवा. आधी प्रती जुळवा: 'डिफ -आर' लावून दोन-दोन फोल्डर ताडून बघा. फाइलीच्या तारखेवरून 'ही नवी' असं ठरवू नका. गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) चेकआउट करतो, म्हणजे फाइली डिस्कवर आणतो, तेव्हा फाइलीवर त्या क्षणाची वेळ पडते, त्यामुळे जुनी प्रतही ताजी दिसते. 'गिट लॉग' काय म्हणतो ते खरं. मग निवडलेली प्रत 'गिट एमव्ही'ने .एजंट्स/स्किल्स मध्ये हलवा आणि बाकीच्या 'गिट आरएम -आर'ने काढून टाका. शेवटी .क्लॉड/स्किल्स मध्ये शिरून प्रत्येक स्किलची स्वतंत्र लिंक करा:

एलएन -एस ../../.एजंट्स/स्किल्स/मराठी-स्ट्रिंग्ज मराठी-स्ट्रिंग्ज

पाथ सापेक्षच द्या. '/होम/...' पासून सुरू होणारा पाथ दिलात तर लिंक तुमच्या मशिनवर चालेल आणि बाकी सगळ्यांकडे तुटलेली जाईल.

अख्ख्या स्किल्स फोल्डरची एकच लिंक करण्याचा मोह होतो. तिथे एक खोच आहे. .क्लॉड/स्किल्स हा फोल्डर आधीच असेल तर 'एलएन' काही तक्रार करत नाही, लिंक गुपचूप त्याच्या आत टाकतो. मग .क्लॉड/स्किल्स/स्किल्स असं होतं आणि एकही स्किल दिसत नाही. शिवाय एखादं स्किल फक्त क्लॉड कोडपुरतं ठेवायचं झालं तर जागा उरत नाही. स्वतंत्र लिंका बऱ्या. पण लिंक फोल्डरची करा, आतल्या स्किल.एमडीची नको.

आणि कमिट करण्याआधी (बदल गिटमध्ये नोंदवण्याआधी) 'गिट चेक-इग्नोर -व्ही .क्लॉड/स्किल्स/मराठी-स्ट्रिंग्ज' चालवा. बऱ्याच रेपोंच्या .गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या गोष्टींच्या यादीत) अख्खा .क्लॉड फोल्डर टाकलेला असतो. तसं असेल तर लिंका कमिटमध्ये जातच नाहीत.

खिडकीवाली
विंडोजबद्दल मी सांगते. गिट सिमलिंक १२०००० या मोडने साठवतो. विंडोजवर 'कोअर.सिमलिंक्स' फॉल्स असेल तर चेकआउट करताना लिंकच्या जागी साधी मजकुराची फाइल येते, आत फक्त '../../.एजंट्स/...' एवढी एक ओळ. एरर कुठेच नाही, स्किल मात्र गायब. हे ओळखायला 'गिट एलएस-फाइल्स -एस .क्लॉड/स्किल्स' चालवा. मोड १२०००० दिसतोय आणि डिस्कवर साधी फाइल आहे, म्हणजे हाच घोळ.

उपाय: विंडोजच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू करा, 'गिट कॉन्फिग कोअर.सिमलिंक्स ट्रू' करा, मग त्या फाइली काढून पुन्हा चेकआउट करा. क्रम उलटा केलात तर जुनी फाइल तशीच राहते.

ऑफिसच्या मशिनवर डेव्हलपर मोड बंद करून ठेवला असेल तर जंक्शन (विंडोजची फोल्डर-लिंक) वापरा: 'एमकेलिंक /जे'. याला ॲडमिन लागत नाही. पण गिट जंक्शनला लिंक म्हणून साठवत नाही, म्हणून ते कमिट करायचं नाही. क्लोननंतर (रेपो मशिनवर उतरवल्यावर) एकदा चालवायची छोटी स्क्रिप्ट ठेवा, .एजंट्स/स्किल्स मधल्या प्रत्येक फोल्डरसाठी जंक्शन करणारी. आणि त्या मशिनवर .क्लॉड/स्किल्समधलं काही चुकूनही 'गिट ॲड' करू नका, नाहीतर लिंकच्या जागी पुन्हा प्रत घुसेल.

कळफलक
टर्मिनलतात्यांच्या मांडणीला दुजोरा, पण एक पुस्ती. कर्सर आणि कोपायलट .एजंट्स/स्किल्स वाचतात तसा .क्लॉड/स्किल्सही वाचतात. त्यामुळे लिंक केली की एकच स्किल त्यांच्या यादीत दोनदा येऊ शकतं. दोन्ही नोंदी एकाच फाइलीकडे जातात तोवर नुकसान थोडंच, यादीत जागा जाते इतकंच. पण .कर्सर/स्किल्स किंवा .गिटहब/स्किल्स मधली जुनी प्रत कोणी 'असू दे' म्हणून ठेवली, तर कुठली लागू होतेय ते कळायला मार्ग नाही. म्हणून ते दोन फोल्डर पूर्ण रिकामे हवेत, तिथे लिंकही नको.

नावाची टक्कर झाली की प्रत्येक टूलचा न्याय निराळा. क्लॉड कोडमध्ये होम फोल्डरमधलं वैयक्तिक स्किल प्रोजेक्टमधल्याला मागे टाकतं. जेमिनाय सीएलआयमध्ये बरोबर उलट, प्रोजेक्टचं वरचढ. कोडेक्स दोन्ही तशीच ठेवतो, एकत्र करत नाही. त्यामुळे वैयक्तिक स्किलच्या नावाला स्वतःचा उपसर्ग लावा आणि प्रोजेक्टमधल्या स्किलचं नाव होम फोल्डरमध्ये वापरू नका. 'माझ्याकडे वेगळंच उत्तर येतं' या तक्रारी बऱ्याचदा इथूनच उगवतात.

शंकासुर
मूळ प्रश्नच विचारतो. एवढा खटाटोप कशाला? सगळं एजंट्स.एमडीमध्ये (रेपोतल्या कायमच्या सूचनांच्या फाइलीत) लिहा. कोडेक्स वाचतो, कर्सर वाचतो, कोपायलट वाचतो, क्लॉड कोडच्या तशाच क्लॉड.एमडीमध्ये '@एजंट्स.एमडी' ही एक ओळ टाकली की क्लॉड कोडही वाचतो. विषय संपला.

टर्मिनलतात्या
संपत नाही हो. एजंट्स.एमडी प्रत्येक सत्रात अख्खी आत जाते, काम कुठलंही असो. स्किलचं तसं नाही. सुरुवातीला फक्त नाव आणि वर्णन आत जातं, साधारण १०० टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते). स्किल.एमडीचा मजकूर काम लागलं की वाचला जातो, आणि रेफरन्सेस फोल्डरमधल्या फाइली तर त्याहून गरज पडली तरच. ९ स्किल्सचा गोषवारा सुमारे ९०० टोकन. तीच ९ स्किल्स प्रत्येकी ४,००० टोकनांची धरून एजंट्स.एमडीत ओतली तर ३६,००० टोकन दर वेळी.

आणि कोडेक्स एजंट्स.एमडीचा मजकूर मुळात ३२ किबिबाइटपर्यंतच (३२,७६८ बाइट) घेतो, मर्यादा कॉन्फिगमध्ये वाढवावी लागते. सूचना मराठीत लिहीत असाल तर लक्षात ठेवा, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, मात्रा आणि हलन्तसुद्धा. म्हणजे अंदाजे १०,९०० चिन्हांत मर्यादा गाठली.

विभागणी सोपी आहे. बिल्ड कसा करायचा, कुठल्या फोल्डरला हात लावायचा नाही, असं नेहमी लागणारं एजंट्स.एमडीत. कधीमधी लागणारी, पायऱ्यांची कामं स्किलमध्ये. बाहेरच्या सिस्टिमकडून माहिती आणायची असेल तर एमसीपी (असिस्टंटला अशा सिस्टिमशी जोडणारा प्रोटोकॉल). या तिन्हींची सरमिसळ झाली की टूल बदलल्यावर काय हरवलं तेच कळत नाही.

रफार
तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, आणि खरं दुखणं तिथे आहे. स्किल उचलायचं की नाही हे मॉडेल फक्त वर्णनावरून ठरवतं. आत कितीही उत्तम लिहिलं असलं तरी वर्णन 'मराठी मजकुरासाठी मदत करते' असं असेल तर एखादं टूल अंदाजाने उचलेल, दुसरं नाही. वर्णनात दोन गोष्टी हव्यात: काय करतं, आणि कधी वापरायचं. तुलना करा:

चूक: 'मराठी स्ट्रिंग्जसाठी स्किल.'

बरोबर: 'ॲपच्या मराठी भाषांतर फाइली तपासते आणि दुरुस्त करते: युनिकोड रूप, अनेकवचन, तारखांचे साचे. लोकेल्स फोल्डरमधली मराठी फाइल बदलताना, नवी स्ट्रिंग जोडताना, किंवा वापरकर्ता भाषांतर, अनुवाद, लोकलायझेशन असं म्हणाला तर वापरा. हिंदी फाइलींसाठी नाही.'

शेवटचं नकाराचं वाक्य फार कामाचं. आणि तुमची मंडळी प्रॉम्प्ट इंग्रजीत, मराठीत आणि मिंग्लिशमध्ये लिहीत असतील तर तिन्ही तऱ्हेचे शब्द वर्णनात असू द्या.

मर्यादा १,०२४ कॅरेक्टरची. देवनागरीत मात्रा वेगळी मोजली जाते, 'की' म्हणजे दोन. डोळ्यांनी ७०० वाटणारं वर्णन सहज हद्द ओलांडतं, म्हणून मोजून बघा.

चाचणी अशी घ्या: ६ प्रॉम्प्ट, ज्यांवर स्किल लागायलाच हवं, आणि ४, ज्यांवर लागता कामा नये. प्रत्येक टूलमध्ये, दर वेळी नवं सत्र उघडून. जुन्याच सत्रात चाचणी घेतली तर स्किल आधीच आत आलेलं असतं आणि निकाल फसवा येतो. ४ नकोच्या प्रॉम्प्टपैकी एकावर जरी लागलं, तरी आधी वर्णन आवळा. चुकीच्या वेळी घुसणारं स्किल न लागणाऱ्यापेक्षा जास्त त्रास देतं.

कळफलक
वर्णन चांगलं असूनही स्किल यादीत येतच नसेल, तर फ्रंटमॅटर (स्किल.एमडीच्या सुरुवातीचा, दोन '---' ओळींमधला नाव-वर्णनाचा भाग) तपासा. नेहमीचे गुन्हेगार:

वर्णनात कोलन आणि त्यापुढे जागा, आणि सगळं अवतरणाबाहेर. रफार यांचं वरचं 'बरोबर' वर्णन जसंच्या तसं चिकटवलंत तर नेमकं हेच होईल! 'दुरुस्त करते:' इथला कोलन यामलला (फ्रंटमॅटर ज्या साच्यात लिहितात त्याला) नवी 'की', म्हणजे नव्या नोंदीचं नाव, वाटतो. वर्णन अवतरणात घाला, किंवा '>-' लिहून पुढच्या ओळीत आत सरकवून लिहा. काही पार्सर (फ्रंटमॅटर वाचणारे प्रोग्राम) हे चालवून घेतात, काही फेकून देतात. 'एका टूलमध्ये दिसतं, दुसऱ्यात नाही' याचं कारण अनेकदा इतकं क्षुल्लक असतं.

पहिल्या '---' च्या आधी रिकामी ओळ, किंवा बीओएम (फाइलीच्या सुरुवातीची बाइटांची खूण). बीओएम डोळ्यांना दिसत नाही. 'हेड -सी ३ स्किल.एमडी | एक्सएक्सडी' केल्यावर 'ईएफ बीबी बीएफ' आलं तर तो आहे.

फ्रंटमॅटरमधलं 'नेम' आणि फोल्डरचं नाव वेगळं. एजंट स्किल्सच्या प्रमाणानुसार (स्टँडर्डनुसार) दोन्ही तंतोतंत सारखी हवीत: फक्त लहान रोमन अक्षरं, अंक आणि हायफन, ६४ पर्यंत. हायफन सुरुवातीला, शेवटी किंवा लागोपाठ दोन चालत नाहीत. नाव देवनागरीत ठेवण्याची हौस इथे बाजूला ठेवा.

मेटाडेटात व्हर्जन १.१० असं अवतरणाशिवाय लिहिलं तर यामल त्याला दशांश समजतो आणि ते १.१ होतं. अवतरणात लिहा.

आणि मॅकवाल्यांसाठी: तिथली फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही. सगळं लहान लिपीतलं स्किल.एमडी मॅकवर चालेल, लिनक्सवर सापडणार नाही. नाव बदलताना 'गिट एमव्ही' दोन टप्प्यांत करा, आधी तात्पुरतं नाव, मग खरं.

रफार
स्वतःच्याच उदाहरणात सापडलो. मान्य!

शंकासुर
ठीक, स्किल्स पटली. पण डिप्लॉय करणारं (कोड सर्व्हरवर चढवणारं) स्किल असेल तर? ते मॉडेलने आपल्या मनाने उचललेलं मुळीच नको.

टर्मिनलतात्या
इथे प्रमाण संपतं आणि घरोघरी मातीच्या चुली सुरू होतात. क्लॉड कोड आणि कर्सर यांना फ्रंटमॅटरमध्ये 'डिसेबल-मॉडेल-इन्व्होकेशन: ट्रू' समजतं. कोडेक्सला त्याच स्किलच्या आत एजंट्स/ओपनएआय.यामल अशी फाइल लागते, तिच्यात 'पॉलिसी'खाली 'अलाउ_इम्प्लिसिट_इन्व्होकेशन: फॉल्स'. दोन्ही लिहा. एक विसरलात तर एका टूलमध्ये कुलूप, दुसऱ्यात दार सताड उघडं.

त्याहून भरवशाचं म्हणजे अडथळा स्क्रिप्टमध्येच घाला. डिप्लॉय स्क्रिप्टला परिसराचं (एन्व्हायर्नमेंटचं) नाव आणि '--खात्री' असा फ्लॅग दिल्याशिवाय ती चालूच नये. फ्रंटमॅटरमधली खूण ही विनंती असते, स्क्रिप्टचा एक्झिट कोड हा हुकूम.

'अलाउड-टूल्स'वरही विसंबू नका. प्रमाणात ते अजून प्रायोगिक आहे. क्लॉड कोडमध्ये त्याचा अर्थ 'ही टूल्स न विचारता चालवायला हरकत नाही' असा आहे, 'एवढीच चालवा' असा नाही. अनेक जण उलटं समजतात.

क्लॉड कोडच्या इतर सोयी, म्हणजे '$आर्ग्युमेंट्स' (हे कॅपिटलमध्ये; वापरकर्त्याने दिलेले शब्द इथे भरले जातात) किंवा उद्गारचिन्ह लावून कमांडचा निकाल मजकुरात आणणं, सामायिक स्किलमध्ये वापरू नका. ज्या टूलला ते कळत नाही त्याला ती अक्षरं जशीच्या तशी दिसतात आणि ते त्यांचा काहीतरी अर्थ लावत बसतं. टूलची नावंही टाळा. 'रीड टूल वापरा' ऐवजी 'फाइल वाचा' असं लिहिलं की चारही जण समजतात.

अर्धविराम
मराठी-स्ट्रिंग्जमध्ये सध्या सगळ्या सूचना गद्यात आहेत: ऱ तपासा, अनेकवचन तपासा वगैरे. मॉडेल प्रत्येक टूलमध्ये वेगळं तपासतं.

रफार
कारण ते काम मॉडेलचं नाहीच. ऱ दोन प्रकारे लिहिला जातो: यू+०९३१ हे एकच चिन्ह, किंवा र, म्हणजे यू+०९३०, आणि पुढे नुक्ता यू+०९३सी. 'सुऱ्या'मध्ये दिसायला दोन्ही सारखे, शोधताना आणि तुलना करताना वेगळे. एनएफसी (युनिकोडचं एकत्रित रूप) केलं की दोन्हींचं यू+०९३१ होतं. पायथनच्या 'युनिकोडडेटा'ने चार ओळींत होणारं काम आहे, ते स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये टाका. ज्याचं उत्तर एकच आहे ते स्क्रिप्टकडे, आणि 'हे वाक्य कृत्रिम वाटतंय का' असलं मॉडेलकडे. अनेकवचनाच्या 'की' (नोंदी) पूर्ण आहेत का हेही स्क्रिप्टच तपासेल, मराठीला एक आणि इतर असे दोनच प्रकार लागतात.

असं केलं की चार टूल्समधला निम्मा फरक तिथेच मिटतो.

खिडकीवाली
स्क्रिप्ट घालताना तीन गोष्टी बघा. सत्र बहुधा रेपोच्या रूटमध्ये चालू असतं, स्किलच्या फोल्डरमध्ये नाही. 'पायथन स्क्रिप्ट्स/तपास.पीवाय' असं लिहिलं तर काही टूल्स पाथ जोडून घेतात, काही रूटमध्ये शोधून 'फाइल नाही' म्हणतात. म्हणून स्किल.एमडीत 'या स्किलच्या फोल्डरमधली स्क्रिप्ट्स/तपास.पीवाय' असं स्पष्ट लिहा, आणि स्क्रिप्टला सोबतच्या फाइली लागत असतील तर तिने स्वतःच्या '__फाइल__' वरून त्या शोधाव्यात.

दुसरं, विंडोजवरून कमिट झालेल्या शेल स्क्रिप्टच्या ओळी सीआरएलएफने (विंडोजच्या ओळ संपवण्याच्या खुणेने) संपत असतील तर लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' येतो. .गिटॲट्रिब्यूट्समध्ये '*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ' टाका.

तिसरं, विंडोजवर एक्झिक्युटेबलचा बिट (फाइल चालवता येते अशी खूण) नसतो. 'गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स' करावं लागतं. नाहीतर स्किलमध्ये सरळ 'बॅश अमुक.एसएच' असंच लिहा, बिटची भानगडच नको.

अर्धविराम
आता हीच ९ स्किल्स आणखी ५ रेपोंमध्ये हवी आहेत. सबमॉड्यूल (एका रेपोत दुसरा रेपो जोडणं)?

कळफलक
सबमॉड्यूल कमिटला बांधलेलं राहतं, ही जमेची बाजू. पण कोणी '--रिकर्स-सबमॉड्यूल्स' न लावता क्लोन केलं की फोल्डर रिकामा. असिस्टंट काही बोलत नाही, स्किलशिवायच काम करून टाकतो. बिल्ड निदान तुटतो तरी, इथे काहीच तुटत नाही. ५-६ रेपोंसाठी सबट्री बरी: फाइली प्रत्यक्ष रेपोत असतात, अद्ययावत करायला 'पुल' मुद्दाम करावं लागतं, आणि त्याचा पुल रिक्वेस्टमध्ये फरक दिसतो.

'एनपीएक्स स्किल्स ॲड' हेही आहे, व्हर्सेल कंपनीचं. गिट रेपोतून स्किल आणतं, कुठल्या असिस्टंटसाठी ते विचारतं, आणि लिंक की प्रत तेही विचारतं. स्वतःच्या मशिनवर पटकन लावायला छान. पण टीमच्या रेपोत काय कमिट झालं ते डोळ्यांखालून घाला.

क्लॉड कोडचं प्लगइन करून वाटायचं असेल तर नावापुढे प्लगइनचं नाव लागतं, 'प्लगइन:स्किल' असं. एका स्किलमध्ये दुसऱ्याचं नाव लिहिलेलं असेल तर ते इतर टूल्समध्ये लागणार नाही.

सीआयमध्ये (बदल आले की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) एवढं तरी तपासा: प्रमाणाच्या 'स्किल्स-रेफ व्हॅलिडेट'ने प्रत्येक फोल्डर, स्किल.एमडी ५०० ओळींच्या आत आहे का, आणि 'फाइंड -एल .क्लॉड/स्किल्स -टाइप एल' (पहिला 'एल' कॅपिटल, दुसरा लहान). ही शेवटची कमांड फक्त तुटलेल्या लिंका छापते, काही छापलं की जॉब नापास करा.

शंकासुर
बाहेरून आणलेल्या स्किलवर किती विश्वास ठेवावा?

टर्मिनलतात्या
अनोळखी माणसाची शेल स्क्रिप्ट जितक्या विश्वासाने चालवाल तितकाच. ती तुमच्याच परवानग्यांवर चालते. स्किल.एमडी गिटहबच्या सजवलेल्या पानावर वाचू नका, कच्चा मजकूर उघडा. एचटीएमएल कॉमेंट सजवलेल्या पानावर दिसत नाही, मॉडेलला दिसते. स्क्रिप्टमध्ये नेटवर्कला जाणारी प्रत्येक ओळ शोधा. मग विशिष्ट कमिटवरून प्रत घ्या, मेन शाखेला जोडून ठेवू नका. आज तपासलेली फाइल उद्या तीच असेल याची हमी नाही.

अर्धविराम
एकच राहिलं. टीममधले दोघं क्लॉडच्या वेबवरही हेच स्किल वापरतात. तिथे रेपो कसा पोचणार?

खिडकीवाली
नाही पोचणार. वेबवर चढवलेलं स्किल, एपीआयवरचं आणि क्लॉड कोडमधलं, तिन्ही वेगवेगळी नांदतात, आपोआप जुळत नाहीत. झिप करून हातानेच चढवावं लागतं. झिप करताना फोल्डरसकट करा, नुसत्या आतल्या फाइलींचं नको. फ्रंटमॅटरच्या मेटाडेटात व्हर्जन ठेवलंत तर वेबवर कुठली प्रत पडून आहे ते तरी कळेल. आणि झिप .एजंट्स/स्किल्स मधूनच करा. लिंकच्या बाजूने करायला गेलात तर काही झिप प्रोग्राम फाइलींऐवजी नुसती लिंकच आत भरतात.